देवावरचा भरवसा कसा वाढतो: माझ्या मागण्यांच्या वह्यांमधून

नोकरीची माझी पहिली दोन वर्षं मुलांच्या वॉर्डात गेली. तिथे सात वर्षांचा एक मुलगा यायचा, रक्ताच्या आजाराचा. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागे. पहिल्यांदा मला पाहिलं तेव्हा त्याने आईच्या पदरात तोंड खुपसलं आणि सुई लागायच्या आधीच किंचाळला. दोघींनी हात धरून ठेवला, तरी शीर सापडेपर्यंत तीनदा टोचावं लागलं. सहा-सात महिन्यांनी एक दिवस मी ट्रे घेऊन खाटेजवळ गेले, तर त्याने आपणहून शर्टाची बाही वर केली आणि म्हणाला, "सिस्टर, डावा नको, डावा दुखतोय. ह्यात बघा, इथे मिळेल." बोटाने शीर दाखवली. सुई टोचली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलंच. पण हात हलला नाही.

देवावरचा भरवसा म्हटलं की मला अजून तो हात आठवतो. सुई दुखणार नाही असं त्या पोराला कोणीही सांगितलं नव्हतं, आणि दुखतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? फक्त टोचणारा हात आता ओळखीचा झाला होता.

मी 59 वर्षांची आहे. महापालिकेच्या रुग्णालयात 36 वर्षं परिचारिका होते, 2024 साली निवृत्त झाले. राहते लालबागच्या चाळीत, जिथे जन्मले तिथून दोन गल्ल्या पलीकडे. गळ्यात तुळशीची माळ आहे, ती वडिलांमुळे आली. आमच्या मजल्यावरच्या हरिपाठाला तरुण मुली येतात. त्या विचारतात, "काकू, देवावर विश्वास आहे हो आमचा, पण काही बिनसलं की पहिल्यांदा तोच उडतो. तुमचा कसा टिकतो?" त्यांना मी तुकड्यातुकड्याने जे सांगत असते ते इथे सलग लिहिते आहे. माझी भाषा विठोबाची आहे. तुमच्या घरी स्वामी असतील, गणपती असेल, येशू असेल, तर तिथे ते नाव घाला. रीत तीच चालेल असं मला वाटतं, कारण रात्री तीन वाजता वॉर्डात सगळ्या देवांची माणसं एकसारखीच बोलतात, हे मी ऐकलेलं आहे.

आधी नेम

सुरुवात नेमापासून करा. मन भरून येईल, मग बसू, असं ठरवलंत तर महिनोन्‌महिने बसणं होत नाही.

हे मला आबांनी, माझ्या वडिलांनी, शिकवलं. आबा गिरणीत साचाखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी दहावीला होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर बसले, गिरणगावातले भोंगे बंद झाले. आबा म्हणायचे, दोन महिन्यांत मिटेल. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. माणसं एकेक करून पांगली. आबा भायखळ्याच्या बाजारातून भाजी आणून पुलाखाली विकायला बसू लागले. पण संध्याकाळी सात वाजले की हातपाय धुऊन, कपाळाला बुक्का लावून, टाळ घेऊन हरिपाठाला बसायचे, कामावर असताना बसत होते तसेच. एकदा मी चिडून विचारलं, "आबा, तुमचं मन तरी लागतं का ह्यात?"

"नाही लागत पोरी," ते म्हणाले. "मन नाही लागलं तर तोंड लागू दे. मन येईल मागनं."

त्या वर्षी पंढरीला जायला पैसे नव्हते. आषाढीला पहाटे आम्ही बापलेक लालबागहून वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात चालत गेलो, मुंबईकर ज्याला प्रतिपंढरपूर म्हणतात तिथे. पाऊस होता, रांग रस्त्यापर्यंत आलेली होती. दर्शन झाल्यावर मी विचारलं, "संपाचं मागितलंत का?" आबा म्हणाले, "न्हाय. आलोय एवढं सांगितलं."

हे वाक्य कळायला मला वीस वर्षं लागली. तोवर मी नेम मात्र धरून होते, तो असा. ज्ञानेश्वर माउलींच्या हरिपाठाचे 27 अभंग टाळावर नीट म्हटले तर अर्धा-पाऊण तास जातो. तिन्ही पाळ्यांची नोकरी, लहान मूल आणि सासूबाई असलेल्या बाईला तो रोज मिळत नाही. मी तीन अभंग धरले, आणि ते घड्याळाशी न बांधता चहाच्या आधणाशी बांधले. ड्यूटीवरून आले, गॅसवर आधण ठेवलं, की ते उकळेपर्यंत तीन अभंग. सकाळी सात असोत की रात्री दहा. तुम्हीही असंच एखादं रोजचं न चुकणारं काम शोधा आणि नेम त्याला बांधा. आणि जेवढं झेपेल असं वाटतं त्याच्या निम्मंच धरा. उत्साहात धरलेला तासाभराचा नेम श्रावण संपेपर्यंत सुटतो.

एखादा दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी तेवढाच करा. दुप्पट करून फेडायला गेलात की देव सावकार होतो, आणि सावकाराला माणूस तोंड चुकवतं.

लोकलमध्ये नाम घेणाऱ्या खूप बायका मी पाहते. कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्यांना तेवढाच वेळ स्वतःचा असतो. जरूर घ्या. पण मनात घ्या. डब्यात टाळ वाजवून भजन करणाऱ्या मंडळींवर माझा जीव आहे, तरी रात्रपाळी करून खिडकीला डोकं टेकवून बसलेली बाई मीही होते. तिची झोप मोडून विठोबाला काही मिळत नाही.

वही कशी ठेवायची

नेमाने पाया होतो. पण भरवसा वाढला का, कशाने वाढला, हे मला दिसलं ते वहीमुळे.

1997 च्या आषाढीला मी एक 200 पानी वही घेतली. वॉर्डात आम्ही प्रत्येक गोष्ट लिहून ठेवतो: सलाईन किती गेलं, लघवी किती झाली, ताप कधी चढला, कधी उतरला. आठवणीवर कोणी विसंबत नाही, कारण दमलेल्या माणसाला हवं तेवढंच आठवतं. देवाशी चाललेल्या व्यवहाराचीही अशीच नोंद असावी असं मला वाटलं.

वही उघडी ठेवली की डाव्या पानावर मागणं लिहायचं, तारीख घालून, मनात येईल त्या शब्दांत. सजवायचं नाही. "सर्वांना सुखी ठेव" हे खरंच मनात असेल तर लिहा. पण मनात जावेचा नवा फ्रिज असेल तर फ्रिज लिहा. देवाला तो दिसतोच आहे, दिसायला हवा तुम्हाला. उजवं पान कोरं सोडायचं. वर्षातून एकदा, मी आषाढी एकादशीला संध्याकाळी, मागच्या वर्षीची पानं काढून बसायचं आणि प्रत्येक मागण्यासमोर उजवीकडे काय घडलं ते दोन ओळींत लिहायचं. "मिळालं", "नाही मिळालं" अशा खुणा करू नका. जे घडलं तेच लिहा. मधल्या काळात जुनी पानं अजिबात उघडायची नाहीत. पट्टी दर तासाला सोडून बघितली तर जखम भरत नाही, चिघळते.

पहिल्या वर्षीचं डावं पान आता समोर आहे. "नाइट कमी होऊ दे. बाळाचा दमा जाऊ दे. सासूबाईंशी पटू दे. ह्यांची दारू सुटू दे, दिवाळीच्या आत."

ते "दिवाळीच्या आत" बघा. पहिली पाच-सहा वर्षं माझ्या जवळजवळ प्रत्येक मागण्याला मुदत आहे. ह्या महिन्यात, परीक्षेच्या आधी, लवकर. 2003 च्या सुमारास मुदती दिसेनाशा झाल्या. मी काही ठरवलं नव्हतं, वही चाळताना नंतर लक्षात आलं. तसंच नावांचं. आधी घरातली चार नावं आलटून पालटून येतात. मग वॉर्डातल्या मावशींच्या लेकीचं लग्न येतं, 14 नंबरच्या खाटेवरची म्हातारी येते, आणि एका वर्षी जिच्याशी माझं बोलणं नव्हतं त्या सहकारिणीचा मुलगा येतो. 2020 च्या आषाढीला, 1 जुलैला, वारी चालली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. मी पीपीई किट उतरवून घरी आले, अंघोळ केली, वही उघडली. त्या वर्षीच्या डाव्या पानावर नावंच नाहीत, नुसते खाटांचे नंबर आहेत. उजवीकडे वर्षाने काहींसमोर "घरी गेले" असं लिहिलं आणि काहींसमोर फक्त तारीख.

म्हणून सांगते, भक्तीत आपण पुढे गेलो का हे डोळ्यांत पाणी येण्यावरून ठरवू नका. पाणी मला पहिल्या वर्षीच जास्त यायचं. मागणं कसं बदललं ते बघा.

वहीत आणखी दोन गोष्टी सापडतील, त्यांची तयारी ठेवा. काही मागणी पुरी होतात आणि पश्चात्ताप होतो: 1999 मध्ये मला बाह्यरुग्ण विभागात बदली मिळाली, रात्रपाळी बंद झाली, आणि वर्षभरात मी इतकी चिडचिडी झाले की परत वॉर्ड मागून घेतला. आणि काही मागणी नुसतीच राहून जातात. म्हाडाच्या सोडतीत घर लागावं म्हणून मी सहा वर्षं लिहिलं. उजवीकडे आहे, "नाही लागलं." एवढंच. न मिळण्यात काहीतरी मोठं चांगलं दडलेलं असतंच, असं लोक सांगतात. मला त्या घराच्या न लागण्यात काही सापडलं नाही, आणि ओढूनताणून शोधू नये असं माझं मत आहे. खोटं समाधान एकदा लिहिलंत की पुढच्या खऱ्या नोंदीवरचाही तुमचा विश्वास जातो.

26 जुलै 2005 ची नोंद मी मुलींना नेहमी वाचून दाखवते. मंगळवार होता. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला हा आकडा नंतर कळला; तेव्हा एवढंच कळत होतं की रात्रीच्या सिस्टर आलेल्या नाहीत आणि मला ओव्हर द्यायला, म्हणजे पेशंट सोपवायला, कोणी नाही. मुलगा नुकताच अकरावीला, कॉलेज कुर्ल्याला. फोन लागत नव्हता. मी रात्रभर औषधं वाटली, सलाईन बदलली, आणि एकच मागणं मागत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले तर पोरगा जिन्यात बसला होता, पाय सुजलेले, रुळांवरून चालत आला होता.

पुढच्या आषाढीला उजव्या पानावर मी लिहायला घेतलं, "देवाने माझ्या बाळाला वाचवलं." आणि पेन थांबलं. त्या पुरात शेकडो माणसं गेली होती. त्यांच्याही आयांनी रात्रभर तेच मागितलं असणार. माझ्या पोराला वाचवलं असं लिहिलं तर त्यांच्याबद्दल मी काय लिहितेय? ते वाक्य खोडलं. खाली आहे, "बाळ घरी आलं. ऋणी आहे." आभार पोटभर माना, त्यात कसूर करू नका. कारण मात्र देवाच्या वतीने लिहू नका.

नेम मोडला तेव्हा

ह्यांच्या दारूचं मागणं डाव्या पानावर अकरा वर्षं आहे. 2008 मध्ये कावीळ झाली, पोटात पाणी झालं, यकृत गेलेलं होतं. शेवटचे चार महिने ते घरीच होते, खिडकीजवळच्या लोखंडी खाटेवर. लग्नापासून एकदाही हरिपाठाला न बसलेला माणूस एका संध्याकाळी म्हणाला, "तुझे ते तीन म्हण की." मी आधणापाशी उभी राहून म्हटले. ते खाटेच्या दांडीवर बोटांनी ठेका धरत होते, आणि ठेका बरोबर पडत होता. म्हणजे इतकी वर्षं ऐकत होते. गणपती झाले आणि ते गेले.

तेराव्यानंतर मी माळ काढून ट्रंकेत ठेवली. चहा करायची, पण आधणापाशी तोंड उघडत नव्हतं. अकरा वर्षं मागितलं ते एक होतं, आणि दुसरंच हातात आलं.

तुमच्यावर अशी वेळ आली, आणि येतेच, तर घाबरू नका. विठोबाशी भांडण ही आमच्या घरातली जुनी रीत आहे. जनाबाईंनी त्याला काय काय सुनावलंय ते अजून बाया जात्यावरच्या ठसक्यात म्हणतात. 1630 च्या दुष्काळाच्या काळात तुकोबारायांनी पहिली बायको आणि मूल गमावलं, आणि पुढे त्यांनी देवाला मोकळेपणाने जाब विचारला. फक्त एक पथ्य पाळा: देवाविषयी इतरांकडे कुरकुरत बसू नका, जे बोलायचं ते त्याच्याच तोंडावर बोला. वहीत लिहा. माझ्या त्या दिवसांच्या डाव्या पानांवर आहे, "मला तुझं तोंड बघायचं नाही." खाली तारीख. चार दिवसांनी पुन्हा, "का रे असं केलंस?" आज वाचताना दिसतं की जिच्याशी बोलणं बंद केलंय असं मी समजत होते, त्या माउलीला मी आठवड्यातून दोनदा लिहीत होते.

त्या काळात मला ज्यांनी धरून ठेवलं त्या सोळा नंबरच्या काकू. त्यांना आम्ही सगळे तसंच म्हणायचो, खोलीच्या नंबराने. माझं बंद झाल्यावर थोड्याच दिवसांनी संध्याकाळी गॅलरीत, माझ्या दाराबाहेर, पाट ओढल्याचा आवाज आला. मग टाळ. मग तीन अभंग, माझेच तीन, त्याच क्रमाने. झाल्यावर पाट उचलला आणि गेल्या. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पावसात गॅलरीत झड यायची, तर डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन बसल्या. असं चौदा महिने. शेवटी-शेवटी मी दार अर्धं उघडं ठेवायला लागले, मग उंबऱ्याच्या आत बसायला लागले. एका संध्याकाळी तिसरा अभंग माझ्या तोंडून त्यांच्याबरोबर निघाला. त्यांनी टाळ खाली ठेवले.

मी विचारलं, "काकू, रोज का येत होता?"

"तुझा नेम पडू नये म्हणून मी चालवत होते. आता तुझा तू घे."

मी नर्स आहे, ओव्हर घेणं म्हणजे काय ते मला कळतं. पाळी संपवून जाणारी सिस्टर पेशंट आपल्या हातात देते, आणि मधल्या वेळात तो कोणाच्याच हातात नाही असं कधी होऊ द्यायचं नसतं.

ह्यांच्या मागण्यासमोरचं उजवं पान मी 2011 मध्ये लिहिलं. "सुटली नाही. शेवटचे चार महिने भांडण नव्हतं. ठेका बरोबर होता."

सोबत कुणाची धरावी

सोळा नंबरच्या काकूंसारखं माणूस बाजारात मिळत नाही, पण शोधता येतं. दोघी-तिघी पुरतात. पारख सोपी आहे: "आज माझं मन लागलं नाही" असं जिथे म्हणता येतं आणि कोणी प्रवचन देत नाही, ती जागा चांगली. जिथे तुमच्या दुखण्याचं कारण तुमच्या पापात शोधलं जातं, किंवा उपायाचे पैसे सांगितले जातात, तिथून चप्पल घालून निघा, नमस्कार करायलाही थांबू नका.

आणि औषधं. हे मी हात जोडून सांगते. देवावर भरवसा आहे म्हणून इन्सुलिन बंद केलेली, अंगाऱ्यावर विसंबून टीबीच्या गोळ्या दोन महिन्यांत सोडलेली माणसं मी खाटेवर पाहिली आहेत. टीबीचा साधा कोर्ससुद्धा किमान सहा महिन्यांचा असतो. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडला तर आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. गोळी घेणं म्हणजे देवावरचा अविश्वास, असं कोणत्या संताने सांगितलंय? एकादशीचंही तसंच. मधुमेह असेल तर कडक उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायक उतरू शकते, आणि साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर झपाट्याने चढते, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. मला स्वतःला 2015 पासून मधुमेह आहे. मी एकादशीला वेळच्या वेळी मोजकी भगर आणि ताक घेते, गोळी चुकवत नाही, आणि माझी एकादशी मोडली असं मला एकदाही वाटलेलं नाही.

सोमवार आणि गुरुवार

घरात बसून वाढलेला भरवसा बाहेर नेल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. निवृत्तीनंतर मी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास जाते. देशभरातून आलेले पेशंट आणि नातेवाईक तिथल्या फुटपाथवर मुक्काम करून असतात. मी काही मोठं करत नाही. थर्मासमध्ये गरम पाणी, दोन पेनं, थोडे सुटे पैसे झेरॉक्ससाठी. कोणती रांग, कोणता कागद, फॉर्ममध्ये काय लिहायचं, एवढं सांगते. ज्यांना ही सवय लावायची आहे त्यांनी असंच आपल्या हाताला येतं ते काम निवडावं. शिक्षिकेने फॉर्म भरावेत, स्वयंपाक येतो तिने मऊ भात न्यावा.

मागच्या पावसाळ्यात बीडकडची एक मुलगी तिथे होती, पंचविशीची, मांडीवर तीन वर्षांचं लेकरू, डोक्यावरचे केस गेलेलं. माझी माळ बघून म्हणाली, "ताई, तुम्ही माळकरी. तुम्हीच सांगा, माझं लेकरू बरं होईल का?"

वीस वर्षांपूर्वी मी लगेच म्हटलं असतं, "विठोबा आहे ना, होईल की." चांगल्या मनानेच म्हटलं असतं. त्या दिवशी तोंडात आलेलं ते वाक्य मी गिळलं. तिच्या लेकराच्या हाताला सलाईनची पट्टी होती, कडा सुटलेल्या. ती मी नीट दाबून बसवली. म्हटलं, "मला नाही माहीत, बाळा. मी गुरुवारी परत येते."

ती काही बोलली नाही. तोंड वळवून बसली. मला घरी येईपर्यंत चुकल्यासारखं वाटत होतं. गुरुवारी गेले, तर तिने अंथरलेल्या पुठ्ठ्यावर सरकून जागा केली आणि म्हणाली, "बसा. आज उशीर केलात."

त्या आठवड्यापासून तिच्या लेकराचं नाव माझ्या डाव्या पानावर आहे. उजवं अजून कोरं आहे, आषाढीला उघडेन.

तुम्ही सुरू करणार असाल तर आषाढीची वाट बघू नका, घरात असेल ती वही घ्या. पुढच्या वर्षीची उघडायची तारीख आजच पहिल्या पानावर लिहून टाका, म्हणजे मन मध्ये चुळबुळ करणार नाही. पहिल्या वर्षी उजव्या पानांवरून फारसं काही कळत नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळायला लागतं. वही कुलपात ठेवा. कोणी वाचणार आहे हे ठाऊक असलं की मागणं सभ्य व्हायला लागतं आणि निरुपयोगी होतं.

माझी आता तिसरी वही चालू आहे. पहिल्या दोन पत्र्याच्या ट्रंकेत आबांच्या टाळांखाली आहेत. मुलाला सांगून ठेवलंय, माझ्यामागे वाचायच्या असतील तर आधी उजवी पानं वाच. त्याने विचारलं, "आणि जी कोरी असतील ती?"

म्हटलं, "ती तशीच राहू दे."